काही निघालं नाही

रात्री दोन चाळीसला काचेपलीकडे
सुगंधाबाई मढवी येऊन उभ्या राहिल्या.
हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या चपला,
आणि मुलाच्या कंपनीचं विम्याचं कार्ड,
लॅमिनेट केलेलं, एका कोपऱ्याला हळद लागलेलं.
घणसोली गावातून रिक्षाने आल्या होत्या.
आत, हिरव्या पडद्यामागे,
दामोदरराव छातीला वायरी लावून पडलेले.

मी कोपरखैरण्यातल्या या इस्पितळाची कॅशलेस खिडकी.
मला नाव नसतं. "ओ मॅडम, विमा," एवढंच.

स्क्रीनवरचा रकाना विचारतो: नियोजित की आणीबाणी?
मी मोठ्याने वाचलं, सवय आहे.
पडद्याआडून आवाज आला,
"आणीबाणी? ती पंच्याहत्तर सालची ना?
तवा मी नववीत."
बोलू नका काका, डॉक्टर म्हणाले.
मी 'आणीबाणी'वर टिचकी मारली.

मग बाईंना समजावत गेले.
विमा आहे, हो. पाच लाखांचा आहे, हो.
पण चोवीस तास दाखल राहावं लागतं.
पण खोलीचं भाडं दिवसाला पाच हजारांपर्यंतच,
त्यावरची खोली घेतलीत
तर डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापतात.
पण हातमोजे, कापूस, ते तुमच्याकडे.
माझ्या बोलण्यात 'पण' फार.
त्या प्रत्येक 'पण'ला मान हलवत होत्या,
मुलीकडची माणसं देण्याघेण्याची यादी ऐकतात तशी.

ईसीजी. रक्त. तीन तासांनी पुन्हा ईसीजी, पुन्हा रक्त.
तोवर बाकावर बसून त्या कार्ड पदराने पुसत राहिल्या.
हळद काही निघाली नाही.

सहा पन्नासला डॉक्टर आले, जांभई गिळत.
"काही निघालं नाही. ॲसिडिटी आहे.
रात्री जेवलात काय?"
"जवळा," दामोदरराव म्हणाले, चोरी पकडल्यासारखे.
"न् भाकऱ्या."
किती?
"चार."
"सहा," बाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या,
आणि हसता हसता फरशीवरच बसल्या.

मग मी बिल छापलं.
अकरा हजार चारशे साठ.
चार तास दहा मिनिटं.
दाखल करून घेतलेलं नाही, फक्त तपासून सोडलेलं.
मी रकाने उलटसुलट करून पाहिले, खरंच पाहिले.
कुठेच बसेना.

काचेच्या अर्धगोल भोकाशी त्या वाकल्या.
रागावल्या नव्हत्या. त्यांना समजून घ्यायचं होतं.
"मंग खराच झटका येवाला पायजे व्हता का गो?"

यावर माझ्याकडे छापील उत्तर आहे,
तीन ओळींचं, शेवटी धन्यवाद असलेलं.
ते मी दिलं नाही.
म्हटलं, हो काकू. कागदाप्रमाणे, हो.

कागदाला कळ कळत नाही,
कळ कशाची होती ते कळतं, आणि तेही सकाळी.
सात वाजता ज्याचं नाव जवळा निघतं
ते रात्री दोनला मरणच असतं,
डावा हात गार पडलेला असतो,
आणि रिक्षावाल्याला ओरडून सांगावं लागतं, सिग्नल तोड.

महाप्याच्या रात्रपाळीतून मुलाने फोनवर पैसे पाठवले.
बाईंनी बिल ओळ न् ओळ वाचलं, बोट ठेवून.
"कापूस एकशेवीस? घरी हाय की कापूस."
मग घडी घालून, कार्डाभोवती गुंडाळून, पिशवीत.
पिशवीतून चपला काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

प्रकरण बंद करताना स्क्रीन विचारतो: निदान?
मी लिहिलं, काही निघालं नाही.
त्याने लाल अक्षरांत सांगितलं, यादीतून निवडा.
मी यादी खाली खाली सरकवत राहिले.

बाहेर रिक्षावाला दीडशे म्हणत होता
आणि दामोदरराव, मीटर टाक.
काचेतून, पडद्यातून, दोन दारांतून
त्यांचा आवाज इथवर येत होता,
ठणठणीत,
छातीतून.